बांगडीचं भोक कुठे जातं?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)



आज माझ्यासमोर टेबलावर तीन वस्तू आहेत. एक बांगडी, एक सायकलची जुनी ट्यूब आणि एक चुंबळ. चुंबळ आता शहरात दिसत नाही, म्हणून सांगतो. डोक्यावर पाण्याचा हंडा घ्यायचा तर मध्ये कापडाची गुंडाळी करून ठेवतात, गोल कड्यासारखी, ती चुंबळ. हंड्याचा गोल बुडखा तिच्यात नीट बसतो आणि डोक्याला रुतत नाही. चौथी वस्तू मेदुवडा होता, तो रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच संपला.

या सगळ्या वस्तूंच्या आकाराला गणितात टोरस म्हणतात. शब्द लॅटिन आहे, आणि त्याचा मूळ अर्थ कडं किंवा अंगठी असा नाहीच. मूळ अर्थ फुगवटा, उशी. ग्रीक-रोमन खांबांच्या तळाशी दाबल्यासारखा फुगलेला गोल पट्टा असतो ना, त्याला वास्तुशास्त्रात आजही टोरसच म्हणतात. वरचा भार खाली उशीवर टेकलाय असा तो दिसतो. म्हणजे हंड्याखालची चुंबळ आणि खांबाखालचा टोरस यांचं काम एकच. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. मराठीत पाठ्यपुस्तकासाठी शब्द करायची वेळ आली असती तर मी चुंबळच म्हटलं असतं. असो.

आजचा विषय मी का घेतला ते सांगतो. जरा लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

मी शाळेत गणित शिकवायचो. आठवीचा वर्ग, घनफळाचा धडा. मी नेहमीचं सांगत होतो, मेण वितळवून गोळ्याची वृत्तचिती केली तरी घनफळ तेवढंच राहतं वगैरे. एका मुलीनं हात वर केला. एरवी बोलायची नाही. म्हणाली, "सर, सोन्याची बांगडी मुशीत टाकली की तिचं सोनं तेवढंच राहतं. मग तिचं भोक कुठे जातं?"

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "अगं, भोक म्हणजे काही नाहीच. काही नाही ते कुठे जाणार?" आणि पुढचं उदाहरण फळ्यावर लिहिलं. तिनं त्या वर्षी पुन्हा हात वर केला नाही. तिच्या आईची बांगडी त्याच आठवड्यात सोनाराकडे गेली होती आणि ही आईबरोबर दुकानात बसून बघत होती, हे मला नंतर कळलं.

तिचा प्रश्न वेडगळ नव्हता. गणिताच्या एका अख्ख्या शाखेचा, टोपोलॉजीचा, तो अगदी सुरुवातीचा प्रश्न आहे. आणि माझं उत्तर चुकीचं होतं. आज ते नीट द्यायचा प्रयत्न करतो.

आधी आकार पक्का करू. एक वर्तुळ घ्या. त्याच्या शेजारी, त्याला न शिवणारी एक सरळ काठी उभी धरा. आता ते वर्तुळ काठीभोवती एक पूर्ण फेरी फिरवा. वर्तुळानं हवेत जो पृष्ठभाग कोरला, तो टोरस. दोनच मापं लागतात. नळीची जाडी, म्हणजे त्या वर्तुळाची त्रिज्या. आणि काठीपासून वर्तुळाच्या मध्यापर्यंतचं अंतर. एक फरक मात्र लक्षात ठेवा. मी पृष्ठभाग म्हणतोय. वड्याचं आतलं पीठ नव्हे, फक्त वरचा कुरकुरीत पापुद्रा. ट्यूबमधली हवा नव्हे, फक्त रबर.

याचं क्षेत्रफळ काढायला भीती वाटते, पण ते फार सोपं आहे. नळीचा घेर गुणिले वर्तुळाचा मध्य जेवढं अंतर चालला ते अंतर. बास. घनफळही तसंच, वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले तेच अंतर. बाहेरची बाजू जास्त चालते, आतली कमी चालते, आणि जेवढं जास्त तेवढंच कमी, म्हणून मध्याचं अंतर धरलं की हिशेब चुकत नाही. अलेक्झांड्रियाच्या पॅपसनं चौथ्या शतकात हा नियम नोंदवून ठेवलाय.

वड्यावर लावून बघू. वडा आठ सेंटीमीटर रुंद, मधलं भोक दोन सेंटीमीटरचं. म्हणजे नळीची त्रिज्या १.५ आणि मध्याचं अंतर २.५. घनफळ येतं सुमारे १११ घन सेंटीमीटर, पृष्ठभाग सुमारे १४८ चौरस सेंटीमीटर. आता तेवढ्याच पिठाचा भोक न पाडता गोळा सोडला तर? त्याची त्रिज्या जवळजवळ ३ सेंटीमीटर आणि पृष्ठभाग ११२ चौरस सेंटीमीटर. म्हणजे भोक पाडल्यामुळे तेलाला लागणारा पृष्ठभाग एक-तृतीयांशानं वाढला. पण खरी गंमत त्यात नाही. गोळ्यात सगळ्यात आतलं पीठ तेलापासून तीन सेंटीमीटर लांब आहे, वड्यात फक्त दीड. निम्मं अंतर. उडदाचं पीठ आत कच्चं राहायला नको म्हणून ओल्या अंगठ्यानं ते भोक पाडतात. तेव्हा "भोक म्हणजे काही नाही" हे वडे करणाऱ्या कुणालाही पटणार नाही.

बरं, आता मुलीचा प्रश्न.

बांगडीवर एक मुंगी सोडली असं समजा. अगदी छोटी. ती सोन्यावरूनच चालू शकते, उडी मारता येत नाही, वर-खाली बघता येत नाही. तिला भोक दिसेल का? नाही. ती कितीही चालली तरी वाटेत कुठे खड्डा नाही, कुठे कड नाही, सगळीकडे सोनंच सोनं. भोक बांगडीवर नसतंच. भोक आहे त्या जागी हवा आहे, आणि मुंगी तिथे जाऊच शकत नाही. भोक आपल्याला दिसतं, कारण आपण बाहेर उभे आहोत.

मग मुंगीला आपण गोळ्यावर आहोत की बांगडीवर, हे कधीच कळणार नाही? कळेल. तिला एक दोरी द्या. दोरीचं एक टोक एका जागी बांधून तिनं निघायचं, दोरी सोडत सोडत फिरायचं आणि त्याच जागी परत यायचं. मग दोन्ही टोकं धरून दोरी ओढायची. अट एकच, दोरी पृष्ठभागावरच राहिली पाहिजे.

गोळ्यावर ती कशीही फिरली तरी दोरी निसटत निसटत सगळी हातात येते. बांगडीवर येत नाही. बांगडीच्या लांबीच्या दिशेनं फेरी मारली असेल तर दोरी आतल्या कडेपर्यंत येऊन ताठ होते, आणखी लहान होत नाही. आणि नळीला वेढा घालून आली असेल, म्हणजे बांगडीला दोरा बांधतो तसा, तरीही ती अडकते. अशा अडकणाऱ्या दोन मूळ फेऱ्या आहेत. एक लांबीची, एक वेढ्याची. बाकी अडकणारी कुठलीही फेरी म्हणजे या दोघींचंच मिश्रण, तीन वेळा लांबीनं आणि दोन वेळा वेढ्यानं, असं काहीतरी.

आपण ज्याला भोक म्हणतो त्याचा मुंगीच्या जगातला अर्थ हा आहे. न सुटणारी दोरी. आणि बघा, आपण बाहेरून एक भोक मोजतो, पण मुंगीकडे न सुटणाऱ्या फेऱ्या दोन आहेत. त्यातली कुठली "भोकाभोवतीची" हे तिला सांगताच येणार नाही. तिच्या दृष्टीनं दोघी सारख्या.

हे विचित्र वाटत असेल तर जुना नोकिया ३३१० आठवा. त्यातला साप. भिंती नसलेल्या खेळात साप पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेर गेला की डावीकडून आत यायचा, वरून गेला की खालून यायचा. तो पडदा म्हणजे टोरस आहे, शंभर टक्के. डावी-उजवी कड एकमेकींना चिकटलेली, वरची-खालचीही चिकटलेली. सापाच्या मागे दोरी बांधा, आडवी फेरी सुटत नाही, उभी फेरी सुटत नाही. आणि भोक? शोधा बघू त्या पडद्यावर. कुठेच नाही. आपण रिकाम्या तासाला बाकाखाली फोन धरून टोरसवर खेळत होतो आणि कुणीही सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, पडदा तर सपाट आहे, बांगडी वाकलेली. बरोबर. वडा ताटात ठेवला तर तो ताटाला एका वर्तुळावर टेकतो. त्या वर्तुळाच्या बाहेरचा भाग चेंडूसारखा फुगीर आहे. आतला भाग मात्र खोगिरासारखा आहे, एका दिशेनं वर वाकलेला, दुसऱ्या दिशेनं खाली. फुगीर भागाची वक्रता अधिक धरायची, खोगिराची उणे. सगळी बेरीज केली की शून्य. वडा जाड असो, बारीक असो, तिरका झालेला असो, बेरीज शून्यच. बाहेरच्या भागाची एकूण वक्रता अख्ख्या गोळ्याएवढी भरते आणि आतला भाग ती पैन् पै फेडतो. सापाच्या पडद्यावर सगळीकडे आधीच शून्य आहे. हिशेब तोच, फक्त उधारी नाही.

मग पडद्यासारखा सपाट कागद घेऊन खरोखर वडा करता येईल का? एका बाजूला बाजू चिकटवली की नळी होते, इथवर कागद काही म्हणत नाही. पण नळीची दोन तोंडं जुळवायला गेलात की आतल्या बाजूला कागद चुरगळतो. बाहेरची बाजू लांब हवी आणि आतली आखूड, आणि कागदाकडे दोन्हीकडे सारखीच लांबी आहे. रबर ताणलं जातं, कागद नाही. बरीच वर्षं सगळे धरून चालले होते की हे अशक्यच. कारणही पक्कं होतं. कुठलीही बंद, गुळगुळीत वस्तू भिंतीकडे सरकवत नेली तर जिथे तिचं सगळ्यात लांबचं टोक भिंतीला टेकेल, तिथे जवळपास ती फुगीर असणारच. आणि सपाट कागदाला फुगीर होण्याची परवानगी नाही.

इथे जॉन नॅश येतो. ज्याच्यावर सिनेमा निघाला, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तोच. १९५४ साली नॅशनं आणि पुढच्या वर्षी कायपर या डच गणितज्ञानं दाखवलं की "गुळगुळीत" या शब्दाची अट थोडी सैल केली तर हे जमतं. चिरडलेली घडी नाही, टोक नाही, प्रत्येक बिंदूवर हात ठेवता येईल असा पृष्ठभाग, पण वक्रता मोजायला गेलात तर आकडाच हाती लागत नाही. असा पृष्ठभाग असतो हे सिद्ध झालं, पण दिसतो कसा हे जवळजवळ साठ वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या एका गटानं संगणकावर त्याचं चित्र काढलं. वडाच, पण त्यावर बारीक लाटा, त्या लाटांवर आणखी बारीक लाटा, त्यांवर आणखी. जास्तीची लांबी लाटांमध्ये जिरवलेली. घागऱ्याच्या चुण्या डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक चुणीला चुण्या घाला. ते चित्र जरूर शोधून बघा, मी बोलून ते दिसणार नाही.

तर आता मुशीकडे जाऊ.

बांगडी तापली, मऊ झाली. वाकली, दबली, एका बाजूला जाड झाली, दुसऱ्या बाजूला बारीक झाली. तोवर मुंगीच्या दोन्ही दोऱ्या अडकलेल्याच आहेत. टोपोलॉजीच्या भाषेत ती अजून बांगडीच आहे. मग एक क्षण येतो. तो दोन तऱ्हांनी येऊ शकतो.

एक तर मधली जागा आक्रसत जाते, आतली कड लहान लहान होत एका बिंदूत मिटते. म्हणजे लांबीची फेरी, जी आतल्या कडेला येऊन ताठ झाली होती, ती सुटली. नाही तर बांगडी एका जागी इतकी बारीक होते की तिथे तुटते. म्हणजे वेढ्याची फेरी बिंदूएवढी होऊन सुटली. दोन्हींपैकी काहीही झालं तरी उरतो तो गोळा. तुटलेल्या बांगडीची वाकडी कांडीसुद्धा मुंगीच्या लेखी गोळाच, कारण तिच्यावर आता एकही दोरी अडकत नाही. एक सुटली की दुसरीही सुटते! मिटलेल्या बांगडीला बाहेरून दोरा गुंडाळून बघा, तो घसरून निघतो.

तेव्हा, बाई गं, भोक कुठे जात नाही. एक दोरी सुटते. हळूहळूही नाही, एका क्षणात. त्या क्षणाच्या आधी सोनं कितीही वाकडं होऊ दे, ती बांगडी असते, आणि त्या क्षणानंतर त्यात कधी काळी बांगडी होती याची कुठलीही खूण पृष्ठभागावर राहत नाही. सोन्याचं वजन तेवढंच, घनफळही जवळजवळ तेवढंच. तिनं बघितलं ते बरोबर होतं. वजनात न दिसणारं काहीतरी मुशीत गेलं होतं, आणि मी म्हणालो काही नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण या दोन फेऱ्यांवर हजारो कोटी रुपयांचं काम चालू आहे. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी पृथ्वीवर करायची तर वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावा लागतो. असं भांडं कुठल्याच धातूचं होत नाही. मग तो तापलेला, विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकीय बलरेषांनी बांधून ठेवतात. कण साधारण रेषेच्या कडेकडेनं चालतात. प्रश्न असा की भांड्याचा आकार कुठला घ्यावा? गोळा चालत नाही. लहान मुलाच्या डोक्यावर भोवरा असतो ना, केस कसेही विंचरा, कुठेतरी भोवरा उरतोच. पूर्ण केसाळ गोळा असला तर तो सगळीकडे सपाट विंचरताच येत नाही, हे गणितानं सिद्ध झालंय. चुंबकीय रेषांना जिथे भोवरा, तिथे गळती. टोरस मात्र एकही भोवरा न ठेवता विंचरता येतो.

म्हणून सोव्हिएत संघात १९५०च्या सुमारास इगोर टाम आणि आंद्रेई साखारोव्ह यांनी कड्याच्या आकाराचं यंत्र सुचवलं, टोकामाक. पण रेषा नुसत्या लांबीनं फिरवून भागत नाही. आतल्या बाजूला चुंबकांची वेटोळी दाटीनं येतात, तिथे क्षेत्र जास्त जोरदार होतं आणि कण हळूहळू रेषेवरून सरकत भिंतीकडे जातात. उपाय काय, तर रेषेला पीळ द्यायचा. थोडं लांबीनं, थोडं वेढ्यानं. मुंगीच्या दोन्ही फेऱ्या एकाच वेळी. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाचा टोकामाक १९८९पासून आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला 'ईटर' उभं राहतंय, त्यात भारत भागीदार आहे, आणि त्या यंत्राभोवतीचं पोलादी शीतपात्र, सुमारे २९ मीटर उंच आणि तेवढंच रुंद, भारतानं पुरवलंय.

आता शेवटी घरी करायचा प्रयोग. मघाशी म्हटलं ना, लांबीची कुठली आणि वेढ्याची कुठली हे मुंगीला सांगता येत नाही. ते हातानं बघता येतं.

जुन्या लेंग्याचा एक पाय कापून घ्या, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, साधारण दोन फूट लांब. लांबीच्या दिशेनं लाल दोऱ्याचा धावदोरा घाला, म्हणजे दोन्ही बाजूंनी दिसेल. आडवा, नळीभोवती निळ्या दोऱ्याचा. मग दोन्ही तोंडं एकमेकांना शिवून टाका. झाली पोकळ चुंबळ. लाल दोरा भोकाभोवती फिरतोय, निळा नळीला वेढा घालतोय. आता मूळ शिवणीत एक फट उसवा आणि त्या फटीतून सगळं कापड ओढून चुंबळ उलटी करा, उशीचा अभ्रा उलटा करतो तशी.

आधी वाटेल की उलटी चुंबळच मिळेल. मिळते दुहेरी कापडाची एक बाही, निम्म्या लांबीची, अस्तर लावल्यासारखी. शिंप्यांना हे ठाऊक असतं, अस्तराचे कपडे ते असेच फटीतून उलटवतात. ही बाहीही टोरसच आहे, हात घालायची जागा म्हणजे तिचं भोक. पण दोरे बघा. आता निळा दोरा मनगटाभोवती फिरतोय, म्हणजे भोकाभोवती, आणि लाल बाहेरून जाऊन काठावरून आत शिरतोय आणि आतून परत येतोय. दोघांनी जागा बदलल्या. कापड तेच, दोरे तेच, आणि वाटेत काहीही कापलं नाही, त्या एका फटीशिवाय.

फट मात्र चार बोटं तरी ठेवा. मी दोनच बोटं ठेवली होती, निम्मं कापड बाहेर आलं आणि बाकीची शिवण टराटरा उसवली. भेटू पुढच्या भागात.